वेध लागलेला रविवार

ग्रहण जवळ आलं की आमच्या पुरवणीच्या टेबलावरचा फोन सारखा वाजायला लागतो. 'वेध कधीपासून धरायचे?' 'सुनेला सातवा लागलाय, तिनं काय काय पाळायचं?' 'माझी रास वृश्चिक, मला वाईट आहे का हो?' हे प्रश्न जुनेच. अलीकडे मात्र एक नवा प्रश्न त्यात आला आहे. एका बाईंनी फार अवघडून विचारलं, 'नोकरी आणि घर, दोन्हीचा मेळ काही केल्या बसत नाही. ह्या ग्रहणानंतर बसेल का?' मी हसले नाही. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

या प्रश्नाला ज्योतिषाकडे उत्तर तयार असतं आणि ते ऐकायला बरंही वाटतं. चंद्र हा मनाचा आणि मातेचा कारक. पत्रिकेतलं चौथं स्थान आईचं, घराचं, सुखाचं. त्याच्या बरोबर समोरचं दहावं स्थान कर्माचं, म्हणजे नोकरी-धंद्याचं. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोरच्या राशींत येतात. सूर्य म्हणजे अधिकार, चाकरी, बाहेरचं जग. चंद्र म्हणजे मन आणि घर. अशा दिवशी चंद्राला ग्रहण लागलं की घर आणि काम यांच्यातली ओढाताण वर येते, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे सल्ला असतो : मन शांत ठेवा, चिडचिड टाळा, कुटुंबाला वेळ द्या, तोल सांभाळा. आता हा सल्ला चुकीचा आहे असं कोण म्हणेल? फक्त तो बाराही राशींच्या बायकांना सारखाच लागू पडतो आणि पुरुषांच्या वाट्याला सहसा येत नाही, एवढंच. (सूर्य एकीकडे, चंद्र एकीकडे आणि दोघांच्या मधोमध उभी असते ती पृथ्वी. त्यात कुणाला स्वतःचं चित्र दिसलं तर माझा दोष नाही.)

राशिभविष्याचा रकाना वर्तमानपत्रं छापतात आणि बऱ्याच घरांत अग्रलेखाच्या आधी तोच वाचला जातो. मीही वाचते. तेव्हा इथे कुणाला शहाणपण शिकवायला मी बसलेली नाही. मला सांगायचंय ते किकवीच्या एका घराबद्दल.

किकवी म्हणजे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. पुण्याकडून येताना कापूरहोळ मागे पडलं की थोड्याच वेळात किकवी लागतं. तसंच पुढे गेलं, सारोळ्याजवळ नीरा ओलांडली, की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा आणि तिथल्या कंपन्या. माझी आत्या किकवीत राहते. घरात दोन मुलं, दोन सुना, नातवंडं. थोरली वहिनी शिरवळच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते. धाकटी घरीच ब्लाऊज शिवते, आणि त्या वर्षी तिला सातवा महिना होता.

ग्रहण होतं २०२५ सालच्या भाद्रपद पौर्णिमेचं. तारीख ७ सप्टेंबर, वार रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्षातली श्राद्धं सुरू. सणाच्या दगदगीतून बायका जरा मोकळ्या होताहेत तोच हे ग्रहण आलं. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, अकराला खग्रास आणि मध्यरात्रीनंतर १ वाजून २७ मिनिटांनी मोक्ष. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे साधारण नऊ तास आधी लागतात. त्यामुळे दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारासच वेध लागले.

आता हा हिशेब थोरल्या वहिनीच्या बाजूनं बघा. आठवड्यातली तिची सुट्टी एकच, रविवार. त्या रविवारी साडेबाराच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, म्हणजे सकाळीच दोन वेळचा स्वयंपाक. उरलेल्या दुधा-दह्यावर, लोणच्यावर तुळशीपत्र ठेवायचं. आठवड्याचं धुणं नेहमीसारखं होतंच. रात्री स्पर्शाच्या वेळी आंघोळ, मोक्षाच्या वेळी पुन्हा आंघोळ. मग हंडे-कळशा-पिंप रिकामे करून नवं पाणी भरायचं, ओटा पुसायचा, देव धुवायचे. हे सगळं होऊन तिनं अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा सव्वादोन वाजले होते. आणि साडेचारला उठून, डबे करून तिला सोमवारची पहिली शिफ्ट गाठायची होती.

पितृपक्षात मी आत्याकडे जेवायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, माझं ग्रहण शुभ होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी पट्ट्यासमोर उभ्याउभ्या डोळा लागला माझा. शेजारच्या पोरीनं हलवलं म्हणून बरं."

ते 'शुभ' कुठून आलं? पंचांगात ग्रहणाचं फळ काढायचा सरळ नियम असतो. आपल्या जन्मराशीपासून ग्रहण तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या किंवा अकराव्या राशीत आलं तर शुभ. दुसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्यात आलं तर मिश्र. आणि पहिल्या, चौथ्या, आठव्या, बाराव्यात आलं तर अनिष्ट. हे ग्रहण कुंभ राशीत होतं. त्यामुळे मेष, वृषभ, कन्या, धनू यांना शुभ. मिथुन, सिंह, तूळ, मकर यांना मिश्र. कर्क, वृश्चिक, कुंभ, मीन यांना अनिष्ट. थोरली वहिनी वृषभेची. तिच्या राशीपासून कुंभ दहावी, म्हणजे ग्रहण थेट कर्मस्थानी आणि फळ शुभ. धाकटी वृश्चिकेची. तिला कुंभ चौथी, म्हणजे गृहस्थानी ग्रहण आणि फळ अनिष्ट. एकाच घरात, एकाच ओट्याशी उभ्या राहणाऱ्या दोन जावा. एकीच्या नोकरीवर ग्रहण, दुसरीच्या घरावर. ज्योतिषाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी मिळायची नाही.

आणि झालं काय? जिचं शुभ, ती मशीनसमोर पेंगली. जिचं अनिष्ट, तिचाही रविवार बुडाला, कारण पोटुशी बाईनं कात्री, सुई, विळी धरायची नाही. नवरात्राच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या, कापड तसंच पडून राहिलं. आत्या मीन राशीची. तिला ग्रहण बारावं, म्हणजे व्ययस्थानी, आणि झोपेचं सुखही ज्योतिषी त्याच स्थानावरून बघतात. तर आत्या दहाच्या सुमाराला माळ घेऊन जपाला बसली आणि थोड्याच वेळात भिंतीला टेकून घोरायला लागली. या घोरण्याची गोष्ट पुढे सांगते.

माझे दोन्ही आतेभाऊ वाईट माणसं नाहीत. थोरला मला म्हणाला, "मला उठवलं असतं तर पाणी भरलं असतं की मी." त्यावर वहिनी पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, "उठवायचं पण मीच ना?"

तिच्या त्या वाक्यात सगळं आलं. काम करणं एक आणि कुणी, कधी, काय करायचं ते डोक्यात धरून ठेवणं दुसरं. हे दुसरं काम कुठल्या हजेरीपटावर लागत नाही.

पहिल्याची मोजदाद मात्र झालेली आहे. देशात लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात याची पाहणी केंद्र सरकारनं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि हे फक्त जे हात लावतात त्यांचं. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. आता गंमत बघा. त्या रविवारी चंद्र पुरता झाकलेला होता तो ८२ मिनिटं, म्हणजे पुरुषांच्या रोजच्या घरकामाइतकाच वेळ. स्पर्शापासून मोक्षापर्यंतचं अख्खं ग्रहण साधारण २०९ मिनिटांचं, साडेतीन तासांचं. आपलं घरकाम २८९ मिनिटांचं, पावणेपाच तासांचं, आणि त्याला मोक्ष नाही. ते रोज सकाळी पुन्हा लागतं.

मग फोनवरच्या त्या बाईंना काय सांगायचं? ग्रहणानंतर मेळ बसेल का? आपल्या पुण्यातच २००८ साली या विद्येचा एक कस लावून झाला आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २०० मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. शंभर मुलं शाळेत हुशार म्हणून नाव काढलेली, शंभर मुलं मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली कुठली कोणाची ते सांगा. ५१ जणांनी पत्रिका मागवून घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची बरोबर उत्तरं सरासरी शंभरात ४६ आली. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. ज्या विद्येला मुलाची बुद्धी पत्रिकेवरून सांगता आली नाही, तिला शिरवळच्या शिफ्टचं आणि किकवीच्या ओट्याचं गणित कुठून सुटणार?

ग्रहणाची वेळ मात्र पंचांग अचूक सांगतं, तेही आधीच छापून. कारण ते गणित आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून ग्रहण होतं, हे आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं. राहूनं गिळल्याची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकायला छानच आहे, पण पंचांगवाले वेळ काढतात ती सावलीच्या हिशेबानं. वेळ अचूक निघाली म्हणून फळही खरंच असणार, असं आपल्याला वाटतं. एकाच पानावर दोन्ही छापलेलं असतं ना!

आता त्या रात्रीची गोष्ट. धाकटी स्पर्शापासून एका जागी बसून होती. पाय लांब करायचे नाहीत, झोपायचं नाही, पाणी नाही, बाथरूमला जायचं नाही. बाळाचा ओठ फाटतो, बोटं जुळतात, असं प्रत्येकीनं तिला येता-जाता ऐकवलं होतं. सात महिन्यांचं पोट, संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. साडेअकराच्या सुमाराला तिला चक्कर आल्यासारखं झालं. थोरलीनं एकदा सासूकडे बघितलं. आत्या घोरत होती. थोरलीनं धाकटीला हाताला धरून मागच्या बाजूला नेऊन आणलं, दोन पेले पाणी पाजलं, खजूर दिला आणि उशी देऊन आडवी केली. 'आत्याबाईंना बोलू नको,' असंही बजावलं.

मला हे तिघींनी वेगवेगळं सांगितलं. आत्याचं सांगणं असं : "मला काय कळत न्हाई व्हय गं? डोळं मिटलं व्हतं, कान उघडंच व्हतं. मी जागी दिसले असते तर मला नगं म्हणावं लागलं असतं. शेजारची बसली व्हती ना दारात."

म्हणजे घोरणं मुद्दाम होतं. पन्नास वर्षं ग्रहणं पाळलेली माझी आत्या, तिनं सुनेला सूट दिली ती झोपेचं सोंग घेऊन. किती घरांत हे असंच चालत असेल!

खरं तर पंचांग आपल्या घरांइतकं कडक नाही. वेधकाळात जेवू नये असं ते म्हणतं, पण पाणी पिणं, झोपणं, शौचाला जाणं याला वेधात मनाई सांगत नाही. मनाई येते ती प्रत्यक्ष ग्रहणाच्या काळात. शिवाय लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बाया यांच्यासाठी वेध कमी तासांचे धरलेले असतात. मूळ नियमाला आपणच घराघरांतून गाठी मारत नेल्या. आणि ओठ फाटण्याचं म्हणाल, तर बाळाचा ओठ आणि टाळू जुळतात ते पहिल्या तीन महिन्यांतच. सातव्या महिन्यात विळी हातात धरल्यानं किंवा चंद्राकडे बघितल्यानं त्यात काही फरक पडत नाही. पोटुशीला खरा धोका आहे तो तासन्‌तास उपाशी-तहानलेलं बसण्याचा, अंगात रक्त कमी असण्याचा, आणि हो, मिसरीचा. ग्रहणाच्या रात्री सुई धरू नको म्हणणाऱ्या कितीतरी जणी सकाळी त्याच सुनेबरोबर मिसरी लावत बसतात. तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं, हे अंगणवाडीतल्या ताई सांगून थकल्या. गोळ्या सुरू असतील तर त्या ग्रहणातही वेळेवर घ्यायच्या, हेही इथेच सांगून टाकते.

आत्याला मी म्हटलं, लहान, म्हातारी, आजारी, गरोदर या चौघांना सूट आहे, तशी पाचवी सूट घाला : दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी. तिनं दहाला झोपावं. आत्या म्हणाली, "मग पाळायचं कुणी?" मी म्हटलं, "बाप्यांनी. मोक्षाला उठून पाणी भरायचं, ओटा पुसायचा, देव धुवायचे. बाईनंच करावं असं कुठं लिहिलंय?" आत्या पदर तोंडाला लावून हसली. पण नाही म्हणाली नाही.

मी ग्रहण पाळूच नका असं म्हणत नाही. जप करणाऱ्यानं जप करावा. रात्री आंघोळ करून ज्याला मोकळं वाटतं त्यानं ती करावी. माझं म्हणणं तासांबद्दल आहे. एखादी चाल पाळायची ठरली तर तिला किती तास लागतात आणि ते कोणाच्या झोपेतून कापले जातात, हे घरात एकदा मोठ्यानं बोललं जाऊ दे. पाण्याचंही तसंच. भाटघर आणि नीरा-देवघर ही दोन धरणं याच तालुक्यात आहेत, पण बाईच्या डोईवरचा हंडा काही सुटलेला नाही. भरलेलं पिंप ओतून द्यायचं ठरवणाऱ्यानं ते पुन्हा भरायलाही उभं राहावं.

आणि सगळा भार घरावरही टाकू नका. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, अशी तरतूद २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती करून आणली. पगारी बाळंतरजाही तेव्हाच १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. थोरल्या वहिनीला मी विचारलं, तुमच्याकडे पाळणाघर आहे का? तिनं असं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं. तिच्या बसमधल्या बायकांना राशी सगळ्यांच्या पाठ आहेत, कुणाची साडेसाती कधी सुटणार तेही पाठ आहे. हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. यात चूक त्यांची नाही. आमच्यासारख्या छापणाऱ्यांचीही थोडी आहे. राशीच्या रकान्याएवढी जागा आम्ही कायद्याच्या रकान्याला कधी दिली?

एक राहिलंच. त्या रात्री आकाश मोकळं होतं की ढगाळ, हे त्या घरात कुणालाच सांगता आलं नाही. कुणी बाहेर जाऊन बघितलंच नव्हतं. थोरलीची मुलगी तेव्हा सातवीत होती. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं, चंद्र तांबूस दिसतो, हे तिला शाळेत सांगितलेलं. ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तिला आत बोलावलं गेलं. मी गेले तेव्हा ती अजून फुरंगटून होती. मी तिला तारीख काढून दिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याकडून दिसेल असं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. रात्री साडेआठनंतर लागेल आणि बाराच्या ठोक्याला, नव्या वर्षात सुटेल. तेव्हा ती दहावीत असेल. तिनं ती तारीख दाराच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवली.

थोरल्या वहिनीनं हात पुसत पुसत विचारलं, "वार कुठला येतोय?"

मी बोटांवर मोजून बघितलं. रविवारच येतोय. दुपारच्या आतच वेध, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार, पहिली शिफ्ट. वहिनीनं वळून नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं, बरं. गजर लावीन मी."